इंजिनाच्या श्वासाचा हिशेब

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतला एक तरुण मोटारसायकल घेऊन माझ्या दारात उभा राहिला. गाडी बीएस-सिक्स काळातली, इंजेक्शनची. त्यानं मूळ सायलेन्सर काढून मोकळ्या नळीचा, चमकदार सायलेन्सर बसवला होता. सीटखालचा एअर फिल्टरचा डबाही काढून टाकला होता आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला होता.

"काका, आवाज मस्त झालाय," तो म्हणाला, "पण अॅक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतात. एका वेगावर धरली की गाडी झटके देते. सिग्नलला कधीकधी बंद पडते. सगळे म्हणतात फ्युएल ट्यूनर लाव. बाजारात दहा प्रकारचे आहेत. कोणता घेऊ?"

मी इंजिनाचा विषय वर्षानुवर्षं शिकवत आलो, म्हणून तो माझ्याकडे आला होता. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण मला वाटलं, या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि तो ठाऊक नसेल तर दहा डब्यांतला कोणताही डबा उचलला तरी तो अंधारातला दगडच. तोच इतिहास मी त्याला सांगितला. आज तुम्हालाही सांगतो.

मुळात इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप. त्या हवेत पेट्रोल नेमक्या मापात मिसळावं लागतं. रसायनशास्त्राचा हिशेब सांगतो की एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून कमी पडलं तर मिश्रणाला 'लीन' म्हणतात, जास्त झालं तर 'रिच'. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं रिच लागतं, साधारण १३ ला १. आता त्या तरुणानं काय केलं होतं? इंजिनाचं नाक मोकळं केलं आणि तोंडही मोकळं केलं. हवेची ये-जा बदलली. पण पेट्रोल मोजून देणाऱ्याला हा बदल कुणी कळवलाच नाही. फटाके, झटके आणि सिग्नलला बंद पडणं, या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

पेट्रोल मोजून देण्याचं काम पहिल्यांदा कार्ब्युरेटरनं केलं. १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेत सोडण्याची युक्ती काढली. अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीनं पेट्रोल वर येतं. जितकी हवा जास्त, तितकी ओढ जास्त, तितकं पेट्रोल जास्त. ना वीज, ना गणित. पुढे इंग्लंडमधल्या अमाल कंपनीचे कार्ब्युरेटर जगभरच्या मोटारसायकलींवर दिसू लागले. आपल्याकडे बुलेटवर बरीच वर्षं मिककार्ब होता. त्यातलं छिद्र असलेलं पितळी बोंडूक म्हणजे 'जेट'. सायलेन्सर बदलला की जेट एक-दोन नंबरांनी मोठा घालायचा, सुई एक खाच वर घ्यायची आणि स्क्रू फिरवून स्लो लावायचा. झालं ट्यूनिंग.

मात्र माप बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं कसं? त्या काळात दोनच साधनं होती. एक मिस्त्रीचा कान आणि दुसरं म्हणजे स्पार्क प्लग. गाडी दमदार पळवायची, तशीच बंद करायची आणि प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, विटकरी म्हणजे जमलं. मी ज्यांच्या हाताखाली हे शिकलो, ते मिस्त्री प्लग उन्हात धरून असे बघत, जणू वैद्यबुवा रुग्णाची जीभ बघताहेत.

आणि हे सगळं शिकूनही मी एकदा चुकलो. तेव्हा माझ्याकडे टू-स्ट्रोक गाडी होती, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायची. कुणीतरी सांगितलं, फिल्टर काढून टाक, सायलेन्सरच्या आतली जाळी काढ, गाडी वाऱ्यासारखी पळेल. मी तसं केलं. गाडी खरंच पळाली. जेट बदलायचा कंटाळा केला. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात पूर्ण अॅक्सिलरेटरवर असताना इंजिनाचा आवाज एकदम टणक झाला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. हात सवयीनं क्लचवर गेला म्हणून मी दरीत गेलो नाही. इंजिन सीझ झालं होतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणून उष्णता वाढली. शिवाय वाढलेल्या हवेच्या मानानं पेट्रोलसोबत येणारं ऑइलही अपुरं पडलं. पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटला. मागच्या सीटवर माझा धाकटा भाऊ होता. या विषयावर बोलताना माझा आवाज थोडा कडक होतो, त्याचं कारण तो घाट आहे.

असो. त्या तरुणाचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग कंपनीच गाडीला भरपूर पेट्रोल का देत नाही?" याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जावं लागतं, कारण फ्युएल ट्यूनर नावाची वस्तू खऱ्या अर्थानं तिथेच वाढली.

अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला. आधी मोटारी त्याच्या कक्षेत आल्या आणि १९७८ सालच्या मॉडेलपासून मोटारसायकलींनाही धुराची मर्यादा लागू झाली. धुरातलं न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मिश्रण लीन करणं. कंपन्यांनी तेच केलं. मालकानं ढवळाढवळ करू नये म्हणून मिश्रणाच्या स्क्रूवर धातूचं बूच ठोकून बसवलं. गाड्या स्वच्छ झाल्या, पण थंडीत सुरू व्हायला कुरकुरू लागल्या आणि मधल्या वेगात अडखळू लागल्या. लोकांनी ती बुचं ड्रिलनं काढायला सुरुवात केली. त्यातूनच एक धंदा उभा राहिला तो जेट किटचा. वेगळे जेट, वेगळी सुई, वेगळी स्प्रिंग आणि कागदावर छापलेल्या सूचना, असं सगळं एका पाकिटात. मार्क डोबेक यांची डायनोजेट ही कंपनी याच जेट किटसाठी ओळखली जाऊ लागली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इकडे कायद्याच्याच रेट्यानं दुसरी गोष्ट घडत होती. १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची यंत्रणा फोक्सवॅगन १६०० या मोटारीवर आली, ती प्रामुख्यानं अमेरिकेतल्या धुराच्या नियमांसाठी. १९७६ साली व्होल्वोनं आपल्या मोटारींना लॅम्डा सेन्सर लावला, तो कॅलिफोर्नियाच्या नियमांसाठी. हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो आणि जळून गेलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे का, ते सांगतो. उरला असेल तर मिश्रण लीन, नसेल तर रिच. मिस्त्री जे प्लगच्या रंगावरून ओळखत होते, ते हा सेन्सर चालत्या गाडीत ओळखू लागला. १९८० साली कावासाकीनं झेड-१००० या गाडीवर इंजेक्शन आणलं. हार्ले-डेव्हिडसननं १९९५ साली आपल्या एका मोठ्या टूरिंग गाडीपासून सुरुवात केली आणि २००७ पर्यंत तिच्या सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या झाल्या. भारतात २००६ साली हीरो होंडाची ग्लॅमर ही इंजेक्शनवाली मोटारसायकल आली, २००९ साली रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० आली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झाल्यावर आपल्या मोटारसायकलींवरचा कार्ब्युरेटर जवळपास संपलाच.

आता इंजेक्शन आणि कार्ब्युरेटर यांतला एक मूलभूत फरक समजून घ्यायला हवा. कार्ब्युरेटरला हवेची ओढ प्रत्यक्ष जाणवत होती. मोटारसायकलीवरचा संगणक मात्र सहसा हवा मोजत नाही, तो तिचा अंदाज बांधतो. त्याच्याकडे एक मोठा तक्ता असतो, त्याला नकाशा म्हणतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला अॅक्सिलरेटर किती उघडला आहे ते, किंवा इनटेकच्या नळीतला दाब. प्रत्येक चौकटीत लिहिलेलं असतं की या स्थितीत इंजिन किती हवा ओढतं, आणि म्हणून इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा. हे आकडे कारखान्यात भरताना मूळ सायलेन्सर, मूळ फिल्टर आणि मूळ डबा गृहीत धरलेला असतो. तुम्ही यातलं काहीही बदललं की नकाशा जुन्या गावाचा आणि रस्ता नव्या गावाचा, अशी गत होते.

हवेचं तापमान आणि दाब सेन्सर सांगतात, त्यामुळे महाबळेश्वरची विरळ हवा संगणकाला कळते. लॅम्डा सेन्सरही थोडी दुरुस्ती करतो. पण त्याची एक मर्यादा आहे. मोटारसायकलीवर बसवलेला साधा सेन्सर 'अलीकडे की पलीकडे' एवढंच सांगतो. किती अलीकडे, किती पलीकडे, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की संगणक त्याचं ऐकणंच थांबवतो आणि फक्त नकाशावर चालतो. म्हणजे सिग्नलच्या अलीकडे-पलीकडे दुरुस्ती होते आणि ऐन घाटात, जिथे चूक सर्वांत महाग पडते, तिथे होत नाही.

फ्युएल ट्यूनर आला तो या फटीतून. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डायनोजेटनं पॉवर कमांडर नावाचा डबा बाजारात आणला. पितळी जेट विकणाऱ्यांनीच आता विजेचा जेट विकायला काढला. हा डबा संगणक आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसतो. संगणकानं इंजेक्टरला पाठवलेला निरोप वाटेत अडवायचा, त्यात थोडा वेळ वाढवायचा किंवा कमी करायचा आणि पुढे पाठवायचा. मूळ संगणकाला हात लागत नाही, डबा काढला की गाडी पहिल्यासारखी. इंग्रजीत याला 'पिगीबॅक' म्हणतात. काही कंपन्यांनी याहून सोपे डबे काढले, त्यांवर रेडिओसारखी दोन-तीन बटणं. एक कमी वेगासाठी, एक मधल्या, एक वरच्या. आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सनं भारतीय गाड्यांसाठी असे पिगीबॅक डबे तयार केले.

त्याहूनही स्वस्त एक प्रकार आहे. तो म्हणजे सेन्सरला फसवणारा छोटा तुकडा. हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत तो जोडला की संगणकाला वाटतं हवा आहे त्याहून थंड आहे. थंड हवा दाट असते, म्हणून तो थोडं जास्त पेट्रोल देतो. सगळीकडे सारखंच जास्त, जिथे हवं तिथेही आणि नको तिथेही.

दुसरा मार्ग मूळ संगणकातला नकाशाच नव्यानं लिहिण्याचा. याला फ्लॅश करणं म्हणतात. हार्लेच्या गाड्यांसाठी कंपनीचे स्वतःचे ट्यूनर होतेच, शिवाय डायनोजेटचा पॉवर व्हिजन आला, व्हान्स अँड हाइन्सचा फोनवरून चालणारा ट्यूनर आला. यात पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळही बदलता येते, आणि संगणक व डबा यांचं भांडण होत नाही. भांडण असं, की लॅम्डा सेन्सर चालू असताना पिगीबॅकनं पेट्रोल वाढवलं तर सेन्सर म्हणतो 'रिच झालं' आणि संगणक ते पुन्हा कमी करतो. सुनेनं भाजीत मीठ घालावं आणि सासूनं बटाटा टाकून ते काढावं, तसं. म्हणून अनेक पिगीबॅकसोबत मूळ सेन्सरला गप्प करणारा वेगळा तुकडा द्यावा लागतो.

तिसरा मार्ग सर्वांत महाग. नळीत रुंद पट्ट्याचा सेन्सर बसवायचा, ज्याला इंग्रजीत वाइडबँड म्हणतात. तो अलीकडे-पलीकडे न सांगता थेट आकडा सांगतो: आत्ता १३.२, आत्ता १४.५. त्या आकड्यावरून डबा आपला नकाशा आपणच सुधारत जातो.

इथवर ऐकून तो तरुण म्हणाला, "म्हणजे महागातला घेऊ." मी म्हटलं, थांब. २०१६ साल अजून यायचंय.

१८ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकन सरकारनं हार्ले-डेव्हिडसनबरोबरचा समझोता जाहीर केला. सरकारचं म्हणणं असं होतं, की कंपनीनं २००८ पासून सुमारे ३ लाख ४० हजार 'सुपर ट्यूनर' विकले आणि ते बसवल्यावर गाड्या प्रमाणपत्रात लिहिल्यापेक्षा जास्त धूर सोडतात. कंपनीनं एक कोटी वीस लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. ते ट्यूनर विकणं थांबवायचं, विक्रेत्यांकडचे परत विकत घेऊन नष्ट करायचे आणि यापुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं तपासून मंजूर केलेले ट्यूनरच विकायचे, असं ठरलं. कंपनीनं दोष मान्य केला नाही. हे ट्यूनर बंद ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी होते आणि कायद्याचा अर्थ आम्ही वेगळा लावतो, अशी तिची भूमिका होती.

मला या प्रकरणात दंडाच्या रकमेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हार्लेच्या दुनियेत 'स्टेज वन' नावाचा रिवाज आहे. नवी गाडी घ्यायची आणि लगेच एअर क्लीनर, सायलेन्सर व ट्यूनर बदलायचा. तीन लाख चाळीस हजार हा आकडा सांगतो की शर्यतीसाठी म्हणून विकलेली वस्तू सर्रास रस्त्यावर फिरत होती, कारण एवढे लोक शर्यतीत भाग घेत नाहीत. एकट्या गाडीचा धूर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तीन लाख गाड्यांचा येतो. १९७८ साली बूच ठोकून बसवणारे आणि ते ड्रिलनं काढणारे यांच्यातलं जुनं भांडण चाळीस वर्षांनी असं सरकारदरबारी पोचलं.

आपल्याकडे हे भांडण धुराऐवजी आवाजावरून गाजतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण वर्तमानपत्रांत पाहतो. पण कायदा आवाजापुरता नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मूळ सायलेन्सरसोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असेल, तर कोणताही ट्यूनर तो परत आणू शकत नाही. धुरातलं विष कमी करणारी ती जाळीच जागेवर नसते.

आता आजच्या पेट्रोलची गोष्ट. २०२५ सालापर्यंत आपलं पेट्रोल २० टक्के इथेनॉलपर्यंत पोचलं. त्यातलं कितीतरी इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून, आपल्याच उसातून येतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका किलोला सुमारे ९ किलो. म्हणून २० टक्के मिश्रणाचं योग्य प्रमाण १४.७ न राहता साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडा राहिला तर नव्या पेट्रोलवर तेच मिश्रण लीन पडतं. परदेशात कुणीतरी तिथल्या पेट्रोलवर, तिथल्या सायलेन्सरवर तयार केलेला तयार नकाशा आपल्या गाडीत उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांच्या नंबरचा चष्मा लावणं आहे.

मग उत्तर काय? मी त्या तरुणाला दुकानाचं नाव सांगितलं नाही. त्याला चार प्रश्न दिले.

पहिला, बदल नेमका किती झाला आहे? मूळ नळी, तिच्यातला सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून फक्त मागचा तुकडा बदलला असेल, आणि फिल्टरचा डबा मूळचा असेल, तर इंजेक्शनची यंत्रणा बरंचसं सांभाळून घेते. तिथे ट्यूनरची गरज बहुधा नसते. डबा काढला की मात्र गणित बिघडतं. तो डबा म्हणजे नुसतं झाकण नव्हे. तो हवेचे हेलकावे शांत करतो, इंजिनाजवळची तापलेली हवा दूर ठेवतो, आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ अडवायला मोठा कागद देतो.

दुसरा प्रश्न, मोजणार कशानं? ज्या वर्कशॉपमध्ये चाकाखाली रूळ असलेला डायनो आहे आणि रुंद पट्ट्याचा सेन्सर आहे, तिथेच ट्यूनर लावण्याला अर्थ आहे. मोजमाप नसेल तर चाळीस बटणांचा डबाही माझ्या पितळी जेटइतकाच आंधळा. उलट मोजमाप असेल तर साधा डबाही चांगलं काम देतो. औषध नंतर, आधी थर्मामीटर.

तिसरा, ट्यूनर तुमच्या संगणकाशी सहकार्य करतो की भांडतो? सेन्सर चालू ठेवून काम करतो, की त्याला गप्प करतो? ठिणगीची वेळ सांभाळतो की फक्त पेट्रोल ओततो? सगळीकडे सारखंच पेट्रोल वाढवणारा तुकडा फटाके कमी करेल, पण अॅव्हरेज घालवेल आणि प्लग काळा करेल.

आणि चौथा, परत येता येतं का? उद्या गाडी मूळ स्थितीत आणायची म्हटली, पीयूसीला किंवा आरटीओला न्यायची म्हटली, विकायची म्हटली, तर मूळ नकाशा जपून ठेवलेला आहे का? डबा काढता येतो, पण पुसलेला नकाशा परत आणणं प्रत्येक वेळी सोपं नसतं.

या चारही प्रश्नांच्या मागे पाचवा आहे, तो मी त्याला विचारला नाही. तो ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा. ही गाडी ट्रॅकवर पळणार आहे, की आपल्याच गल्लीतून रोज सकाळी जाणार आहे? ट्रॅकवरची गाडी असेल तर हवं ते करावं, तिथे तोच खेळ आहे. गल्लीतली हवा मात्र एकट्याची नसते.

आम्ही दोघं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्यानं नळीत सेन्सर बसवला आणि गाडी रुळावर चढवली. पडद्यावर आकडे आले. मधल्या वेगात पूर्ण अॅक्सिलरेटरवर मिश्रण पंधराच्या वर जात होतं, म्हणजे आजच्या पेट्रोलसाठी चांगलंच लीन. त्या मुलाचं तोंड उतरलं. मला पसरणीचा घाट आठवला. मग माझ्या विद्यार्थ्यानं फक्त एक गोष्ट केली. मूळ फिल्टरचा डबा परत बसवला आणि पुन्हा मोजलं. आकडे पुष्कळ खाली आले. एक रुपयाचाही ट्यूनर न लावता अर्ध्याहून जास्त आजार गेला होता. उरलेला सायलेन्सरचा होता. तो ठेवून ट्यूनरनं सांभाळायचा, की तोही परत बदलायचा, हे मी त्याच्यावर सोपवलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. दाराची बेल वाजेपर्यंत तो आल्याचं मला कळलंच नाही, कारण गाडीचा आवाज आला नव्हता. मूळ सायलेन्सर जागेवर होता. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला स्पार्क प्लग होता.

"काका, रंग बघा ना," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, १ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हापासून प्लग पूर्वीसारखा बोलत नाही, आता त्याच्यावर फार विसंबू नये. तरी मी चष्मा लावला, प्लग उन्हात धरला आणि नीट पाहिला. फिकट विटकरी होता.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)